अण्णा झोपलेत

"मशीन फिरतंय तोवर बोलत राहा," तौनो म्हणाला. "काय बोलायचं ते तुझं तू ठरव. इथे कुणालाच कळणार नाही."

फिनलंडमधल्या ताम्पेरे गावात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात आम्ही बसलो होतो. तिकडे अशा इमारतींत सगळ्या बिऱ्हाडांसाठी मिळून धुण्याची एक खोली असते. भिंतीला लागून मोठाली मशिनं आणि मधे एक लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला मी. अंगावर माझीच जांभळी इरकल आणि वरून सिनेमावाल्यांनी दिलेला ढगळ पुरुषी ओव्हरकोट. दुसऱ्या टोकाला वेइक्को नावाचा म्हातारा नट, मांडीवर खारवलेल्या काकड्यांची बरणी घेऊन. समोर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे तौनो हार्युला, या सिनेमाचा दिग्दर्शक, हात कोटाच्या खिशात घालून उभा.

मी शाळेतली एखादी कविता म्हणायची ठरवून आले होते. बार्शीत मी मराठी शिकवत असे, तेव्हा कवितांना तोटा नव्हता. पण मशीन सुरू झालं, काचेआड कुणाचे तरी शर्ट गरगरू लागले आणि माझ्या तोंडून कविता आलीच नाही. भलतंच आलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. वेइक्को समोर बघत होता. मधून मधून मान हलवून तो म्हणायचा, "नीन." त्यांच्या भाषेत नीन म्हणजे "हं, तसंच आहे." मग तो बरणीतून एक काकडी काढायचा आणि कचकन चावायचा.

मशीन थांबलं तशी मीही थांबले. तौनोने मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा करायची गरज नाही म्हणून सांगितलं. मला ते बरं वाटलं. तेच पुन्हा बोलणं मला जमलंही नसतं.

मी या सिनेमात आले कशी, तर पिर्योमुळे. माझे यजमान प्रल्हाद यांना तिथल्या एका टेलिफोन कंपनीत नोकरी लागली, म्हणून आम्ही ताम्पेरेला गेलो. ते सकाळी जायचे आणि काळोख पडल्यावर यायचे. काळोख तर हिवाळ्यात दुपारीच पडायचा. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना उठता बसता म्हणत असे, मला बार्शीला पाठवा. शेवटी त्यांनी मला फिनिश भाषेच्या वर्गात घातलं. पिर्यो तिथली शिक्षिका, आणि तौनो तिचा भाऊ.

तिनेच मला त्याचे सिनेमे दाखवले, तिच्या घरी, टीव्हीवर, शेजारी बसून. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोन भावांना वारशात एक चहाची टपरी मिळते आणि अख्खा सिनेमाभर ते एका स्टुलासाठी भांडतात, एक शब्दही न बोलता. तोही सगळा गुडघ्याच्या उंचीवरून काढलेला, माणसांचे चेहरे शेवटपर्यंत दिसत नाहीत, नुसते पाय. एका सिनेमात लग्नाची मागणी घालणारा माणूस हवामानाच्या बातम्या सांगितल्यासारखा बोलतो आणि ती बाईही त्याला आर्द्रता सांगते. कुठे रंगच नाहीत, कुठे आवाज नाही, कुठे गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे जाते. एक मात्र सगळीकडे सारखं. त्याच्या सिनेमात कुणीही हसत नाही. सगळे मयताला आल्यासारखे तोंड करून असतात, आणि आपण इकडे हसून हसून पोट धरतो. पिर्योच्या घरी मी इतकी हसले की तिने खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तौनोलाच बोलावून आणलं. तो माझं हसणं बघत दारात उभा राहिला आणि स्वतः काही हसला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने निरोप पाठवला, की नव्या सिनेमात माझ्यासाठी काम आहे.

नवा प्रयोग असा होता: एक घटस्फोटित बस ड्रायव्हर, म्हणजे वेइक्को, सोबतीण शोधतो आहे, आणि त्याला भेटणारी प्रत्येक बाई निराळी भाषा बोलते. कुणाचं कुणाला कळत नाही. आणि पडद्यावर खाली भाषांतर द्यायचं नाही, ही तौनोची अट. प्रेक्षकालाही ड्रायव्हरइतकंच कळलं पाहिजे.

प्रल्हादना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुझा वेळ जात असेल तर कर. शूटिंगहून आल्यावर त्यांनी चौकशी केली, काय बोललीस म्हणून. मी म्हटलं, सिनेमातच ऐका. मी हे मुद्दाम म्हटलं. जे मी तळघरात बोलले ते त्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा होती, आणि ऐकताना त्यांना उठून दुसऱ्या खोलीत जाता येऊ नये. अंधारात, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी ते ऐकायला हवं होतं. त्यासाठी मी अख्खा हिवाळा थांबले.

मे महिन्यात गावातल्या जुन्या थिएटरात पहिला खेळ झाला. बाहेर लख्ख ऊन, आत खच्चून भरलेलं. प्रल्हाद ऑफिसमधल्या दोघांना मोठ्या कौतुकाने घेऊन आले होते. सिनेमा सुरू झाला आणि लोक पहिल्यापासूनच हसू लागले. मीही हसत होते. एक रशियन बाई ड्रायव्हरला तावातावाने काहीतरी सांगते आणि तो तिला बसचं वेळापत्रक देतो, तिथे तर मला ठसका लागला.

मग तळघर आलं. पडद्यावर मी दिसले, त्या ओव्हरकोटात, खांदे पाडून बसलेली. मी बोलायला लागले. वेइक्को म्हणाला, "नीन," आणि काकडी चावली.

थिएटरात हशा फुटला.

मी बोलतेय, लोक हसताहेत. माझा आवाज चिरकतोय, लोक आणखी हसताहेत. मी पदराने नाक पुसते, तो मला बरणी पुढे करतो, आणि मागच्या रांगेतल्या बाईला हसणं आवरेना. माझ्या कानशिलांची आग आग होत होती. पण हे लोक परके. त्यांना काय ठाऊक. एका माणसाला मात्र शब्द न् शब्द कळत होता, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

प्रल्हाद पडद्याकडे बघत होते. त्यांच्या पलीकडे बसलेल्या त्यांच्या सहकाऱ्याने हसत हसत त्यांच्या दंडावर थाप मारली. प्रल्हादनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तेही हसले. तोंडभर नाही, पण हसले. पडद्यावर मी तेच सांगत होते, आणि ते कळूनही ते हसले.

त्या क्षणी मला जो संताप आला, तो मी आजही तसाच्या तसा आठवू शकते. या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली, तरी.

सिनेमा संपल्यावर तौनोने नटांना वर बोलावलं. वेइक्को वाकून नमस्कार करत होता, टाळ्या पडत होत्या. कुणीतरी मला फुलं दिली. माईक तौनोच्या हातात होता. मी तो मागितला. त्याने दिला. त्याला वाटलं असेल, आभार मानायचे असतील.

माझं फिनिश तेव्हा बालवाडीतलं होतं. विभक्त्या चुकायच्या, काळ चुकायचे. पण मला सांगायचं होतं ते बालवाडीतल्या फिनिशमध्ये बसण्यासारखं होतं. इसा म्हणजे बाप आणि नुक्कू म्हणजे झोपलाय, हे पिर्योने पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं.

मी म्हटलं, तुम्ही ज्याला हसलात ते मी आता तुमच्या भाषेत सांगते. आणि सांगितलं.

"माझे वडील गेले. मला कुणी सांगितलं नाही. मी घरी फोन करायची, भाऊ म्हणायचा, अण्णा झोपलेत. पुन्हा करायची, अण्णा झोपलेत. मेलेल्या माणसाला महिनाभर झोपवून ठेवलं माझ्यासाठी. मी म्हणायची, उठले की सांगा, हेमाचा फोन होता. तिकडे तेराव्याचं जेवण झालं त्या दिवशी मी इथे गोड केलं होतं. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. मी फोनवर बोलायची तेव्हा तो शेजारी बसून ऐकायचा. त्या दिवशी त्याने गोड खाल्लं, आणि पुन्हा वाढून घेतलं."

थिएटरात कुणीतरी खोकलं, तेवढंच. वेइक्को माझ्याकडे बघत होता. त्याने हातातली फुलं खाली ठेवली.

तौनो म्हणाला, "ते गमतीचं नाही, हे मला त्या दिवशीच आवाजावरून कळलं होतं."

"तरी ठेवलंस?"

"म्हणूनच ठेवलं. लोक तुला हसत नाहीत, हेमा. ते वेइक्कोला हसतात. त्याला कळत नाही, याला हसतात."

त्या देशात सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, त्यामुळे भांडायला सोपं जातं. मी म्हटलं, "ते काय करतात ते मी आत्ता पाहिलं. तू भाषांतर घाल. या एका जागी घाल."

त्याने अटीबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडलं. संपूर्ण सिनेमा त्या अटीवर उभा होता, ते मलाही कळत होतं. मी म्हटलं, "अट तुझी आहे. बाप माझा आहे." माईक त्याच्या हातात दिला आणि खाली उतरले.

प्रल्हाद बाहेर फुटपाथवर उभे होते. सहकारी केव्हाच निघून गेले होते. आम्ही बस न घेता चालत निघालो. गावामधून धबधब्यासारखी एक नदी वाहते, तिच्या काठाकाठाने. ते म्हणाले, "हे घरात बोलायचं होतंस."

"तुम्हीही ते घरातच सांगायला हवं होतं."

"चारचौघांत माझी लाज काढलीस. उद्या मी त्या लोकांना काय तोंड दाखवू?"

मी विचारलं, हसलात का. ते म्हणाले, काय करणार होतो, शेजारचा माणूस बघत होता. मी म्हटलं, तुम्ही एवढंही म्हणू शकला नसतात का, की हे गमतीचं नाही? त्यावर ते पुन्हा जुनंच सांगू लागले. माझी काळजी वाटली म्हणून सांगितलं नाही, एवढ्या लांबून मी जाऊन तरी काय करणार होते, दादाचंही तसंच मत पडलं. महिन्याभराने मला कळलं तेव्हाच हे सगळं मी ऐकलं होतं आणि गिळलंही होतं. या खेपेला मी गिळत नाही म्हटल्यावर त्यांचाही तोल गेला.

"तू गेली असतीस तर परत आली नसतीस," ते ओरडले. "अण्णांच्या उशाशी जाऊन बसली असतीस आणि मला इथे एकट्याला टाकलं असतंस. रोज तेच तर म्हणत होतीस."

एक सायकलवाला आमच्याकडे वळून बघत गेला. मी जागच्या जागी उभी राहिले.

"उशाशी?" मी म्हटलं. "गेलेल्या माणसाच्या उशाशी कोण बसतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"फोन आला तेव्हा अण्णा होते?"

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने चालू लागले. घरापर्यंत आम्ही तसेच गेलो, मधे रस्ता ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. तो आधी टाळाटाळ करत होता. शेवटी वहिनीनेच त्याच्या हातून फोन घेतला. ती म्हणाली, अण्णा दवाखान्यात चार-पाच दिवस होते. शुद्धीवर होते. हेमाला कळवा म्हणत होते. आम्ही जावईबापूंना फोन केला, ते म्हणाले, तिला सांगू नका, मी बघतो. आता त्यांचाच शब्द मोडायचा कसा?

म्हणजे मला वेळ होता. विमान होतं, पोचता आलं असतं. ज्या माणसाने जन्मभर गावातल्या डॉक्टरांकडे कंपाउंडरी केली, रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या पोरींना औषधं नेऊन दिली, तो मुलीची वाट बघत पडला होता, आणि मी इथे वर्गात बसून फिनिशमध्ये "माझे वडील बार्शीत राहतात" असं वाक्य घोकत होते.

मी प्रल्हादशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि पिर्योकडे जायची.

तौनो कबूल झाला होता. त्याने पिर्योबरोबर निरोप धाडला, एकच प्रसंग, भाषांतरासकट, शब्द तूच दे. पिर्योच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी ते फिनिशमध्ये आणलं. ती विचारायची, इथे राग आहे की दुःख? मी म्हणायची, राग. पुढच्या ओळीला पुन्हा विचारायची. मी म्हणायची, राग.

शेवटच्या ओळीपाशी आल्यावर मी म्हटलं, इथे आणखी एक वाक्य घाल. फोन आला तेव्हा माझे वडील जिवंत होते.

पिर्योने माझ्याकडे पाहिलं. "हे तू सिनेमात म्हणत नाहीस."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

ती म्हणाली, तौनोला विचारावं लागेल. तिने विचारलं. त्याने आधी नकार दिला, मग फुलाफुलांच्या टेबलक्लॉथकडे बघत बराच वेळ बसून राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा झाला की पिर्यो मला नंतर म्हणाली, लहानपणी खिडकी फोडायच्या आधी तो असाच दिसायचा. माणूस एक बोलतोय आणि खाली दुसरंच लिहून येतंय, असं त्याने अजून केलं नव्हतं. त्याला तो नवा प्रयोग वाटला. वाटू दे. मला वाक्य हवं होतं.

सिनेमा त्या रूपात लागला. वर्तमानपत्रात लिहून आलं, की हार्युलाने स्वतःचाच नियम मोडला आणि चांगल्या विनोदाची लय घालवली. तळघराच्या प्रसंगाला लोक आता हसायला सुरुवात करायचे आणि मधेच थांबायचे, असं पिर्यो सांगे. मी पुन्हा बघायला गेले नाही. प्रल्हादही गेले नाहीत. त्यांनी तो विषयच घरातून हद्दपार केला होता.

पुढच्या वर्षी ऑगस्टात तो टीव्हीवर दाखवला. आम्ही नाही पाहिला, पण त्या देशात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागलेलं सगळेच बघतात.

सोमवारी प्रल्हाद नेहमीपेक्षा लवकर घरी आले. बॅग खाली ठेवून खुर्चीत बसले. मी चहा टाकला. माझ्या पाठीला म्हणाले, "आज ऑफिसात विचारलं मला."

मी वळले नाही.

"त्या दिवशी आपल्याबरोबर आलेला, त्यानेच. म्हणाला, काल टीव्हीवर खाली लिहिलेलं वाचलं. सिनेमातला तो फोन कुणी घेतला होता?"

"मग?"

"मी म्हटलं, मी."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. त्यांनी हे पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं होतं, आणि म्हटलं ते एका परक्या माणसापुढे, कॉफीच्या मशीनपाशी. मला त्याचाही राग आला. तरी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. इतके महिने ज्याला हात घालायची माझी छाती झाली नव्हती, ते विचारलं.

"अण्णांशी बोललात तुम्ही?"

ते हो म्हणाले. दादाने फोन अण्णांच्या कानाला लावला होता.

"काय म्हणाले?"

"आधी तुला विचारलं. मी म्हटलं, क्लासला गेलीय. बरं म्हणाले. मग म्हणाले, बर्फ पडतोय का तिकडे? मी म्हटलं, पडतोय. म्हणाले, कसा दिसतो, सांगा की. आम्ही कुठला बघायला." प्रल्हादनी हातांनी तोंड पुसलं. "मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि दिसत होतं ते सांगत गेलो. खूप वेळ. ते नुसतं हं हं करत होते."

"मला सांगा ते," मी म्हटलं. "जसं अण्णांना सांगितलंत तसं. एक शब्द गाळायचा नाही."

ते उठले आणि खिडकीपाशी गेले. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं, खालच्या हिरवळीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"खालच्या सायकलींवर पडलाय," ते म्हणाले. "नुसती हँडलं वर दिसताहेत. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन चाललीय, कुत्र्याच्या पाठीवरही पडलाय." ते थांबले.

मी माझ्या जागेवरून हलले नाही.

"पुढे," मी म्हटलं.